बदरीच्या वहीतली काकी

आमच्या घरात खोटं लपत नसे, आणि त्याला कारण होती पानं. आगाशीला आमची वाडी होती. केळी, पानवेली आणि कडेकडेने सुपारी. दुपारी विहिरीवरचा रहाट थांबला, बैल सोडले, की ओटीवर गोणपाट अंथरायचं आणि वेलीवरून खुडून आणलेली विड्याची पानं पुढ्यात घेऊन आई, काकी आणि मी बसायचो. पानं एकावर एक लावून त्यांच्या जुड्या बांधायच्या. कवळी म्हणायचो आम्ही जुडीला. फाटकं, डागाळलेलं पान बाजूला काढायचं, हा नियम. कंटाळा आला की मी एखादं फाटकं पान हळूच मधे दडपायची. काकी आपल्या कामात असायची, मान वर करायची नाही, तरी म्हणायची, "विमल, बोट उडालं तुझं." चांगल्या पानावरून बोट सरळ सरकतं, पण लपवायचं पान आलं की ते क्षणभर थबकतं आणि मग घाईने पुढे उडी मारतं, असं तिचं म्हणणं. काकीला अक्षर म्हणाल तर एक येत नव्हतं. पण बोटं वाचायला ती असल्या ओटीवर बसून बसून शिकली होती, आणि तिच्यापुढे माझी कधी डाळ शिजली नाही.

आमची घरची बोली मी इथे लिहीत नाही. लिहिली तर माझ्या नातवंडांनाही कळायची नाही, आणि ती मला फोन करून छळतील. पण दुपारची ती ओटी आठवली की आधी आवाज आठवतात. रहाटाची करकर थांबल्यावर पडलेली शांतता, मागच्या दारी तांदळाची भाकरी थापल्याचा थपथप आवाज, मांडवावर वाळत घातलेल्या सुकेळ्यांवर कावळे बसू नयेत म्हणून आई मधूनच घालायची ती हाळी. पिकलेलं केळं सोलून उन्हात वाळवलं की सुकेळं होतं. चिकट, तपकिरी आणि गोड. ते केळीच्या सोपात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधून ठेवलं की महिनोन् महिने टिकतं. मला आजही मधासारखं काही गोड म्हटलं की आधी सुकेळंच आठवतं.

काकीचं नाव सगुणा. ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, रघुनाथकाकांची बायको. मी पाच वर्षांची असताना काका घर सोडून गेले. भांडण नाही, तंटा नाही. मुंबईला पानं पोचवून येतो म्हणून गेले. पानं पोचली, ते आले नाहीत. महिन्याभराने एक कार्ड आलं, "बदरीनारायणाच्या वाटेवर आहे. शोध करू नये." त्यानंतर काही नाही. काकीला मूलबाळ नव्हतं. ती रोज सकाळी अंघोळ झाली की आरशाच्या तुकड्यासमोर उभी राहून रुपयाएवढं ठसठशीत कुंकू लावायची, आणि मग दिवसभर कुणी त्या कुंकवाकडे जास्त वेळ बघतंय का, यावर तिचं लक्ष असायचं. बघणारे होतेच. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे, पण ओटी भरताना हात जरा आखडता घ्यायचे. ते तिला कळायचं, आणि घरी येऊन ती भांडी आपटायची.

आता त्या काळची रीत सांगायला हवी. माणूस परागंदा झाला आणि बारा वर्षं त्याची काही खबर नाही, तर तो गेला असं धरायचं. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, तेरा दिवस सुतक धरायचं आणि बायकोचं कुंकू पुसायचं. मी सोळा वर्षांची झाले तेव्हा कार्ड येऊन अकरा वर्षं होऊन गेली होती. पुढच्या श्रावणात बारा भरणार होती. एका रात्री जेवताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ताटातली आमटी ओरपत ओरपत विषय काढला. "वहिनी, भटजी म्हणत होते, त्या विधीचं बघायला हवं."

काकी वाढत होती. तिचा पळी धरलेला हात हलला नाही. "भावोजी, शेवटचं कार्ड कुठून आलं होतं?"

"बदरीच्या वाटेवरून."

"मग मी तिथं जाऊन बघून येते. तिथल्या पंड्यांकडे वह्या असतात. आपल्या गावचं कुणीही गेलं तर आपल्या हाताने घराण्याची नावं लिहून येतं. ह्यांचं नाव त्या वहीत सापडलं, तर बारा वर्षं त्या दिवसापासून मोजायची. नाही सापडलं, तर मी आपल्या हाताने कुंकू पुसते. तुम्हाला पळस तोडायचे कष्टसुद्धा नकोत."

मला वाटलं अण्णा आता भडकतील. बाईमाणूस एकटीदुकटी हिमालयात जायचं म्हणते, म्हणजे काय! पण अण्णा इतक्या चटकन "बरं" म्हणाले की माझ्या मनात पाल चुकचुकली. विहिरीपलीकडची अर्धी वाडी रघुनाथकाकांची होती. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण घरातली पोरं असल्या गोष्टी भिंतींकडून ऐकतात. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला रहाटापाशी बोलावलं. बैल फिरत होते, पाणी पाटात पडत होतं, त्यामुळे आमचं बोलणं तिसऱ्याच्या कानावर जायची भीती नव्हती. ती जागा त्यांनी मुद्दामच निवडली होती.

"तू वहिनीबरोबर जायचंस," ते म्हणाले. "तुला मोडी वाचता येते, म्हणून. मीच शिकवली, ती कामाला येऊ दे. पंडे लोक यजमानाला हवं ते दाखवतात. दादाचं अक्षर मी तुला दाखवतो, ते ओळखायचंस. आणि डोळे उघडे ठेवायचे. काय झालं ते मला कार्डाने कळवायचं."

"काकीला न सांगता?"

अण्णांनी पत्ता लिहून ठेवलेली कार्डं माझ्या हातात कोंबली. "आणि एक. तिथं कुठल्याही कागदावर सही करायची नाही. कळलं?"

मला कळलं, आणि मला अण्णांचा राग आला, आणि तरी मी कार्डं घेतली. सोळा वर्षांच्या मुलीला घराबाहेर पडायला मिळत असेल तर ती हेरगिरीसुद्धा करते. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

आमच्याबरोबर तिसरी होती जानकीबाय. अर्नाळ्याची कोळीण, आगाशीच्या बाजारात काकीच्या शेजारी बसून मासळी विकायची. एकीची पानं, एकीचे बोंबील, आणि वीस वर्षांची मैत्री. तिचा मुलगा एकदा वादळात होडीसकट हरवून चौथ्या दिवशी परत आला होता, त्याचा नवस तिला बदरीनारायणाला फेडायचा होता. काकी म्हणायची, जानकी बरोबर असली की मला पोलीस नको.

हरिद्वारपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. काकी कुणाच्या हातचं पाणी प्यायली नाही, कुणाला सामानाला हात लावू दिला नाही, आणि शेजारच्या बाकावरच्या एका सभ्य म्हाताऱ्याने "कुठले तुम्ही?" विचारलं तर "इथलेच" म्हणून तोंड फिरवून बसली. हृषीकेशहून पुढे मोटार होती, पण ती अर्ध्या वाटेपर्यंतच जायची. मग चालणं. वाटेत मुक्कामाला चट्ट्या असायच्या, म्हणजे वाटेकडेचं एखादं दुकान आणि त्याला लागून दगडी पडवी. दुकानदाराकडून पीठ, डाळ, लाकडं घेतली की भांडी आणि झोपायची जागा फुकट. काकीला हे फुकट पटेना. "फुकट कशी देतो? काहीतरी काळंबेरं असणार," असं म्हणून ती पितळी तपेलं उलटंपालटं करून बघायची, राखेने तीन-तीनदा घासायची, आणि मगच त्यात डाळ शिजायची. तोवर जानकीबाय भुकेने कावलेली. "अगं बाय, भांडं झिजंल, त्याच्या पोराबालांना काय ठेवशील?"

दुसऱ्या की तिसऱ्या चट्टीवर मला एक वास यायला लागला. ओळखीचा, पण इथे असायचा नाही असा. मला आधी वाटलं, माझ्या मनाचे खेळ आहेत. मग काकीलाही आला. ती नाक वर करून पडवीभर फिरली आणि जानकीबायच्या बोचक्यापाशी येऊन थांबली.

"जानकी, जवळा आणलास तू?"

"जवला कुठं? औषद हाय ते. मला पोटात दुखतं."

"देवाच्या वाटेवर सुकी मासळी! भस्म होशील, बाई, भस्म!"

"मंग काय करू? नुसत्या डालीवर मी कशी डोंगर चढू? द्येव काय आपल्या तोंडाचा वास घेतो?" पण ती ओशाळली. विष्णुप्रयागाला दोन नद्या भेटतात, तिथे तिने पुडी सोडून जवळा पाण्यात टाकला आणि हात जोडून म्हणाली, "जा बायांनो, पानी तुमचंच हाय." काकी तोंड फिरवून हसत होती. घर सोडल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

वाटेत एका नदीतून खडा उचलून घरी न्यायचा असतो, म्हणजे घरात साप येत नाही. आमच्या वाडीत सापांना तोटा नाही, म्हणून मी एक घेतला. काकीने चार घेतले, पण प्रत्येक खडा आधी आपटून पाहिला. मी चट्टीवर बसून अण्णांना कार्ड लिहीत होते तेव्हा ती मागून येऊन उभी राहिली. मला वाटलं, तिला कळत नाही काय लिहितेय ते.

"बापाला लिहितेस ना? लिही. माझंही एक वाक्य घाल."

माझा चेहरा उतरला. "काय घालू?"

"म्हणावं, सगुणा अजून पायांवर आहे." ती माझ्याजवळ टेकली. तिच्या तळव्यांना फोड आले होते, ते ती सुईने फोडत होती. "तुझ्यावर राग नाही गं माझा. तू त्याची मुलगी आहेस. पण एक सांग, वहीत ह्यांचं नाव नसलं, तर तू खोटं 'आहे' म्हणशील? आणि असलं, तर 'नाही' म्हणशील?"

"नाही, काकी."

"बघू," ती म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि तसं तिने मला तोंडावर सांगितलं. मला रडू आलं. पण मला तरी माझ्यावर कुठे होता?

बदरीला पोचलो तेव्हा थंडीने माझे दात वाजत होते. देवळाच्या खाली गरम पाण्याचं कुंड आहे, त्यातून वाफा निघत होत्या, आणि समोरच्या डोंगरावर बर्फ. जानकीबाय त्या कुंडात गळ्यापर्यंत बसली ती बाहेर यायला तयार नाही. "द्येवानं आपल्यासाटी पानी तापवून ठेवलंय, आनि तुमी उगा घाई करता." प्रसादाला तुळशीची माळ आणि चण्याची कच्ची डाळ. बाजारात भोटिया बायका लोकर विकत बसल्या होत्या. चालता चालतासुद्धा त्यांच्या हातात लोकर कातायची चाती फिरायची, गप्पा एकीकडे, डोळे दुसरीकडे, आणि बोटं आपली सूत काढताहेत. काकी त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. भाषा येत नव्हती, तरी त्यांनी तिला बसायला जागा दिली आणि तिच्या हातात चाती दिली. तिला जमलं नाही. सगळ्या हसल्या, तीही हसली. त्या गावात काकीने ज्यांच्यावर संशय घेतला नाही अशा तेवढ्याच.

आमच्या भागाचा पंडा एका दगडी घरात राहायचा. आमच्याकडच्या यजमानांत राहून राहून तो मराठी बरी बोलायचा. गाव, तालुका, घराणं विचारून त्याने लाल कापडात गुंडाळलेली एक लांबलचक वही काढली आणि पानं उलटायला लागला. काकी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, वहीकडे नाही. "मौजे आगाशी," तो म्हणाला आणि वही माझ्याकडे फिरवली. "हे मोडीत आहे. आम्हाला मोडी येत नाही. तुम्हीच वाचा."

अक्षर काकांचंच होतं. अण्णांनी दाखवलेल्या कागदांवरचं तेच उभट, एकमेकांना चिकटलेलं अक्षर. पहिल्या ओळीत काहीतरी चुकलं होतं, ते खोडून पुन्हा लिहिलं होतं. काकीने वाकून त्या खोडण्यावर बोट ठेवलं. दोन रेघा होत्या, एकीखाली एक.

"हेच," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. "हे असंच खोडायचे. एका रेघेने ह्यांचं समाधान म्हणून व्हायचं नाही. वाच, विमल, वाच लवकर."

मी ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. "रघुनाथ बिन हरी बिन गोविंद. मौजे आगाशी, तालुके वसई, जिल्हे ठाणे. बंधू केशव. केशवाची कन्या विमल." मग पुढची ओळ आली. मग मी म्हटलं, "संतान नाही. तिथी दिली आहे, काकी. सात वर्षांपूर्वीची."

"म्हंजे जिता हाय!" जानकीबाय ओरडली. "कार्डानंतर चार वर्सांनी जिता व्हता! सगुना, पाच वर्सं मिलाली गं तुला!" तिने काकीला मिठी मारली. मीही हसत होते, पण वहीकडे बघायचं टाळत होते.

काकी हसली नाही. तिने जानकीबायचे हात बाजूला केले. "विमल," ती म्हणाली, "बोट उडालं तुझं."

"नाही, काकी."

"माझ्या नावापाशी उडालं. भावाचं नाव, पुतणीचं नाव, आणि माझं नाही? मधे एक ओळ आहे. वाच ती."

मी पंड्याकडे बघितलं, जानकीबायकडे बघितलं, कुणी मदतीला आलं नाही. मग मी वाचलं. "कुटुंब कै. सौ. सगुणा, हिचे पिंड ब्रह्मकपाळी दिले."

जानकीबायने तोंडावर पदर घेतला. काकीला दोनदा वाचून दाखवावं लागलं. तिला ऐकू आलं नव्हतं असं नाही, पण पहिल्यांदा ऐकलेलं तिला खरं वाटेना. "माझे पिंड?" ती म्हणाली. "जितेपणी माझे पिंड दिले? का?"

पंडा गोंधळला होता. त्याने सांगितलं ते असं, की त्या साली यजमान एका महंतांकडे दीक्षा घ्यायला निघाले होते. महंतांनी विचारलं, घरी बायको आहे का, तिची परवानगी आहे का? यजमान म्हणाले, बायको वारली. मग महंत म्हणाले, तिचे पिंड देऊन ये. यजमानांनी पिंड दिले, वहीत लिहिलं आणि गेले. कुठे गेले ते त्याला ठाऊक नव्हतं. एवढं बोलून झाल्यावर त्याच्या डोळ्यांत आमच्याच घरातला संशय उतरलेला मला दिसला. त्याने वही हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

"पण माताजी, पहिली बायको वारली. मग तुम्ही कोण?"

"मीच ती! मीच सगुणा!"

"वही खोटं बोलत नाही. यजमानने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. असे पुष्कळ येतात. जमिनीसाठी येतात, घरासाठी येतात, मी अमक्याची बायको, मी तमक्याची."

"आरं मुडद्या!" जानकीबाय उठून उभी राहिली. "हिला मी वीस वर्सं वलखते!"

"तुमचं नाव वहीत नाही, माई," पंडा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. हे मला आता कळतं. त्याच्याकडे खऱ्याखोट्याची एकच कसोटी होती, आणि ती त्याच्या मांडीवर होती. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "पण मुली, तुझं नाव वहीत आहे. केशवाची कन्या विमल. तू सांग, ही कोण? सांगायचं असेल तर खाली लिहून सही कर."

सही! अण्णांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. रहाट, बैल, पाटात पडणारं पाणी. कुठल्याही कागदावर सही करायची नाही. मी गप्प बसले असते तर कुणाचं काही वाकडं होणार नव्हतं. काका सात वर्षांपूर्वी जिवंत होते, एवढं तर सिद्ध झालंच होतं. काकी आपली पाच वर्षं घेऊन घरी आली असती. फक्त त्या वहीत ती कायमची मेलेली राहिली असती. मी काकीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या बोटांकडे बघत होती.

"ही सगुणाच," मी म्हटलं. "माझी काकी. द्या दौत."

पंडा म्हणाला, नागरीत लिही, म्हणजे मला वाचता येईल. काकी म्हणाली, "मोडीत. ह्यांनी मोडीत लिहिलंय, त्याचं उत्तर मोडीतच जाऊ दे. कधी आलेच, तर वाचायला अडचण नको." मी लिहिलं, "सौ. सगुणा, वरील रघुनाथ यांचे कुटुंब, येथे स्वतः आली. जिवंत आहे. लिहिणार विमल केशव." माझं बोट कुठेही उडालं नाही. वरची ओळ खोडू का, असं मी विचारलं. काकी म्हणाली, "नको. ज्याने लिहिली त्याने खोडावी."

मग ती म्हणाली, मला ती जागा दाखवा. ब्रह्मकपाळ म्हणजे नदीच्या काठचा एक सपाट खडक. तिथे लोक वाडवडिलांचे पिंड देत बसले होते. काकी त्यांच्यातून वाट काढत गेली आणि एका कडेला बसली. कमरेची पुरचुंडी सोडली. सोपात गुंडाळलेली आमच्या वाडीची सुकेळी होती, देवापुढे ठेवायला आणलेली. त्यातलं एक तिने काढलं आणि सावकाश खाल्लं. मग दुसरं. पिंड देणारे लोक बघायला लागले.

"अगं, काय करतेस?" जानकीबाय म्हणाली.

"माझं मी खातेय," काकी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. "तू पण घे. गोड आहे."

घरी आलो तेव्हा अण्णांनी आधी मला विचारलं, "सही केलीस?" मी "केली" म्हटलं. त्यांनी माझा हात धरला, मारायला की काय, कोण जाणे, पण मारलं नाही. वहीतल्या पानाची मी उतरवून आणलेली, पंड्याचा शिक्का मारलेली नक्कल त्यांनी ओटीवर बसून वाचली. आपल्या वहिनीच्या नावाआधीचं कै. वाचून ते पांढरे पडले. दादाने असं करावं! भटजींना बोलावणं गेलं. भटजींनी नक्कल वाचली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, बारा वर्षं आता सात वर्षांपूर्वीपासून मोजावी लागतील, म्हणजे पाच राहिली.

"कशाला मोजता?" काकी आतून म्हणाली. ती पानं लावत बसली होती. "ह्यांनी मला सवाष्ण मारलंय. कागदावर आहे. सवाष्ण मेलेल्या बाईचं कुंकू कसं पुसतात ते मला एकदा दाखवा, भटजी." भटजी चहा न घेताच गेले. त्या विधीचा विषय आमच्या घरात पुन्हा कधी निघाला नाही. पाच वर्षं भरली तेव्हाही नाही. पुढे एकदा अण्णा मला म्हणाले होते, "मला वाडी नको होती गं. वाटायचं, ती एकदाची मोकळी व्हावी." ते खरं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. ते बोलताना मी त्यांच्या बोटांकडे बघायला विसरले.

त्यानंतर तीसेक वर्षांनी मी पुन्हा बदरीला गेले, नवऱ्याबरोबर. आता बस थेट देवळापाशी जात होती. जुना पंडा वारला होता, त्याच्या मुलाने वही काढली. काकांचं अक्षर फिकट तपकिरी झालं होतं, माझी मोडी त्याखाली शाळकरी दिसत होती. आणि कुटुंब या शब्दानंतरचं कै. काळ्या शाईने खोडलेलं होतं. नुसतं कै. बाकी काही नाही. त्यापुढे सौ. सगुणा तसंच्या तसं. मी मुलाला विचारलं, हे कुणी खोडलं? कुणी साधू आला होता का? तो म्हणाला, वहीला यजमानाशिवाय कुणी हात लावत नाही, पण वडिलांच्या वेळचं मला काय माहीत? मी तिथे खूप वेळ बसले. नवरा बाहेरून हाका मारत होता.

काकी तेव्हा सत्तरीची होती, आगाशीला माझ्या धाकट्या भावाकडे, अंथरुणाला खिळलेली. कपाळावरचं कुंकू मात्र तेवढंच मोठं. मी तिच्या शेजारी गोधडीवर बसून तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"रेघ एक होती, की दोन?" तिने विचारलं.

रेघ एक होती. मी ती डोळे भरून पाहिली होती, त्यात चूक व्हायचं कारण नव्हतं.

"दोन," मी म्हणाले.

तिने मान वळवली आणि गोधडीवर टेकलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं. "विमल," ती म्हणाली, "बोट उडालं तुझं."

मी मान खाली घातली. मला रडू फुटलं. तिने तिचा सुरकुतलेला हात माझ्या हातावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"असू दे," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर दोनच सांग."